निंफला लांब रॉड, पण फेक आखूड?

खाजणवाला:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "आम्ही मालवणच्या खडपावरून पन्नास मीटर मारणारे. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या ट्राउटला नऊ फुटी रॉड बास, फेक लांब पाहिजे." हाच माज घेऊन मी तीर्थनला गेलो होतो. दोन दिवस भोपळा. पलीकडच्या काठापर्यंत लाइन टाकायचो. मधली जोराची धार तिला ओढून कमान करायची आणि तळाशी रांगायला हवी ती निंफ, म्हणजे गळावरची किड्याच्या पिल्लाची नक्कल, वर उचलली जाऊन पळायची. तिसऱ्या दिवशी वाटाड्याने दहा फुटी, तीन वेटचा म्हणजे हलक्या लाइनचा रॉड हातात दिला, गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि वीस फुटांपुढे टाकूच दिलं नाही. टोक वर, पाण्यात फक्त लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक दोरा. दुपारपर्यंत दोन ब्राउन ट्राउट. लांब रॉड लांब फेकायला नसतो हो, लाइन पाण्यावरून उचलून धरायला असतो!

सुकती:
लिहिणारा मीच. नितळ, संथ डोहात वीस फुटांवर उभे राहा, ट्राउट तुम्हाला बघूनच पसार. आणि झाडाखालच्या ओढ्यात दहा फुटी फिरवून दाखवा. तिवरांत आपण साडेसहा फुटी उगाच नेतो का?

दर्यो:
माझ्या आज्यान हातदोरान तांबोशे काढले. काठी नाय नि काय नाय. आणि ट्राउट तुम्ही परत सोडतास म्हणे? सोडूचो हा तर धरूचो कित्याक?

खाजणवाला:
काका, उद्या पुन्हा धरायला.

दर्यो:
हंय उरलाहा काय धरूक? १ जून ते ३१ जुलै बंदी पाळूची आम्ही, नि मगे एलईडीचे दिवे लावन मासळी ओढणारे बोटवाले येतले. रात्री समोर दर्यात दिवाळी दिसता.

कालव:
एलईडीला कायद्याने बंदी आहे. तक्रार करा की.

दर्यो:
कागदार हा बंदी! दोनदा केलंय तक्रार. तू केलंस?

कालव:
मी निदान बोटभर तांबोशी धरून फोटो टाकत नाही.

सुकती:
हे मला? तो पालू होता! आणि सोडला होता.

कालव:
फोटो काढून, दहा मिनिटांनी.

खाजणवाला:
अहो, रॉड!

सुकती:
ठीक. जोराच्या धारेत लांब रॉड आणि जवळची फेक, मान्य. डोहात नाही म्हणजे नाही. दहा फूट घेतो, अकरा नाही. आता हा नवा नऊ फुटी कोणाच्या गळ्यात मारू?

दर्यो:
माका दी. आंब्यांका झेलो बांधीन म्हणतंय.