मदत हवी आहे : तीव्र आम्लात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आम्लप्रेमी सूक्ष्मजीवांवर दहावीच्या मुलांसाठी टिपण तयार करताना एका मुद्द्यावर अडले आहे.

स्पेनमधील रिओ तिंतो नदीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) २ च्या आसपास असूनही तिथे लोहाचे ऑक्सिडीकरण करून जगणारे जिवाणू वाढतात, आणि बहुतेक आम्लप्रेमींच्या पेशीचा अंतर्भाग मात्र जवळजवळ उदासीन राहतो. म्हणजे पेशीपटलाच्या दोन्ही बाजूंच्या प्रोटॉन (हायड्रोजन आयन) प्रमाणात हजारो पटींचा फरक असतो. पोटॅशियम आयन आत साठवून निर्माण केलेला धन प्रभार प्रोटॉनांना परतवतो, हे समजते. परंतु एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार होताना प्रोटॉन आत येतच राहतात आणि एरवी श्वसनाच्या क्रियेतून ते बाहेर टाकले जातात. मग अन्न संपून श्वसन मंदावल्यावर त्यांना बाहेर कोण टाकते?

जपानच्या होक्काइडो बेटावर सापडलेल्या पिक्रोफिलस या आम्लप्रेमी सूक्ष्मजीवाचे तर मला विशेष नवल वाटते, कारण त्याच्या पेशीरसाचाच सामू ४.६ च्या सुमारास असतो. तिथे विकरे आणि डीएनए टिकतात कसे?

बेळगाव, निपाणी परिसरातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलांना थेट वाचायला देता येईल असा मराठी लेख सुचवल्यास फार उपयोग होईल.