मदत हवी आहे: जुनी मराठी फाईल उघडली तर सगळी इंग्रजी गिचमिड (अर्जंट!!)

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. आईच्या पाककृतींची फाईल आहे, 140 पानांची. उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम असला कचरा दिसतोय. फाईल बिघडलेली नाही, आधी नीट दिसायची. फॉन्ट मंगल करून पाहिला, मोबाईल बंद-चालू करून झाला. गुरुवारपर्यंत हवंय. प्लीज लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आली आहे.

कळफलक_काका
फाईल वर्डची की पेजमेकरची? टाइप कधी केली, कशात केली? मोबाईलवर उघडताय की कॉम्प्युटरवर? गुरुवारपर्यंत नक्की काय हवंय? एवढं सांगितलंत तर पुढे बोलता येईल.

फुकटसल्ला
मोबाईलचं स्टोरेज भरलं की असं होतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जा, मोठे व्हिडिओ आधी उडवा. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा. माझ्या फोनमध्ये अकरा जीबी मोकळी झाली.

वैतागवाडी
@फुकटसल्ला स्टोरेज भरपूर आहे हो.
@काका वर्डची आहे, मोबाईलवर उघडली. लॅपटॉपवरही तेच. टाइप आमच्या घराजवळच्या डीटीपीवाल्यांनी करून दिली होती, 2003 साली.

कळफलक_काका
2003 आणि डीटीपी! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. म्हणजे फाईल युनिकोडमध्ये नाही (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). आता फॉन्ट कोणता ते शोधायचं. शिवाजी, श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव, यातला कुठलाही असू शकतो आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. लॅपटॉपवर वर्डमध्ये त्या कचऱ्यात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते वाचा. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव दिसतं.

वैतागवाडी
आता तिथे मंगल दिसतंय. मीच सगळं सिलेक्ट करून बदललं होतं आणि सेव्ह केलं 😭

लिनक्सप्रेमी
म्हणूनच सांगत असतो, विंडोज काढून टाका. लिब्रेऑफिस फुकट आहे, फॉन्टही भरपूर येतात.

कळफलक_काका
लिब्रेऑफिसमध्येही हाच कचरा दिसेल, दुखणं फाईलमध्ये आहे. @वैतागवाडी, घाबरू नका. पहिल्या पानावर काय असायला हवं आणि काय दिसतंय ते अक्षर-अक्षर लिहा. कॅपिटल कुठलं, छोटं कुठलं तेही.

वैतागवाडी
मथळा 'भरली वांगी' आहे. दिसतंय असं: कॅपिटल एच, मग के, जे, वाय, एच. जागा सोडून ओ, के, ए, एक्स, एच. पहिला एच सोडून सगळी छोटी.

कळफलक_काका
कृतिदेव! कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, दोन्ही मिळून भ. जे म्हणजे र, वाय म्हणजे ल, छोटा एच म्हणजे दीर्घ वेलांटी. झालं 'भरली'. पुढे व, काना, अनुस्वार, ग, वेलांटी. अर्धं आयुष्य कोर्टाच्या टायपिंगमध्ये गेलं माझं, हे असं नुसतं बघून वाचता येतं.

आता नीट ऐका. तुमच्या फाईलमध्ये मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत, कृतिदेव फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटे चढवतो. मुखवटा काढला की खालचा एच दिसतो. मंगल हा युनिकोडचा फॉन्ट, त्याच्या लेखी एच म्हणजे एचच. युनिकोडात देवनागरीला स्वतःची जागा आहे, 0900 ते 097एफ, तिथे भ हा भ म्हणूनच साठवला जातो. फॉन्ट बदलून अक्षरं बदलत नसतात.

काम असं करा: मूळ फाईलची दुसरी प्रत असेल तर ती शोधा. कृतिदेव 010 चा फॉन्ट मिळवा, त्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल करा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

बोलघेवडा
एवढा खटाटोप कशाला? जीबोर्डवर मराठी भाषा घ्या, माइक दाबा आणि आईंना वाचायला सांगा. मी अख्खा प्रवासवृत्तान्त असाच लिहिला.

टंकलेखिका
140 पानं बोलून? आणि मग 'पुरी' चं 'पुढे' झालेलं कोण दुरुस्त करणार? त्यापेक्षा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी, आठ दिवसांत हात बसतो.

बोलघेवडा
इनस्क्रिप्ट शिकायला वेळ आहे कुणाला? लोक फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करण्यावर, खूश आहेत.

टंकलेखिका
खूश आहेत म्हणूनच 'ज्ञ' कसा काढायचा हे दर महिन्याला इथे विचारतात.

वैतागवाडी
भांडू नका ना. जुन्या पेन ड्राइव्हवर मूळ फाईल सापडली!! फॉन्टच्या चौकटीत कृतिदेव 010 हेच नाव आहे. फॉन्ट टाकला आणि सगळं मराठी दिसायला लागलं. काका, तुम्ही देव आहात. पण हीच फाईल मोबाईलवर पाठवली की परत तेच.

कळफलक_काका
मोबाईलवर तो फॉन्ट नाही, म्हणून. आता युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, कन्व्हर्टर शोधलात की मिळतील. खासगी कागद असेल तर ऑनलाइन चिकटवू नका, तुमची वांगी काही गोपनीय नसावीत.

वैतागवाडी
केलं. बहुतेक छान झालंय. पण प्रत्येक कृतीत 'हउ' नावाचा शब्द आलाय. '200 हउ रवा', '50 हउ बेसन'. एका ठिकाणी '100 उस दूध'. आईला विचारलं, ती म्हणाली मी असलं काही लिहिलंच नाही. व्हायरस आहे का?

टंकलेखिका
😂😂 टाइप करणाऱ्यानं ग्रॅमसाठी इंग्रजीत जी-एम लिहिलंय, साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरला फॉन्ट दिसत नाही, त्यानं तेही कृतिदेव समजून बदललं. कृतिदेवात जी म्हणजे ह आणि एम म्हणजे उ. 'हउ' म्हणजे ग्रॅम, 'उस' म्हणजे मिलिलिटर. कुठे नुसता काना आणि पुढे ह दिसला तर तो किलो समजा.

सुगरण_सोलापूरची
200 हउ शेंगदाणे भाजून घ्या, यापुढे मी असंच लिहिणार. बाय द वे, भरल्या वांग्यात आई तीळ घालतात की खोबरं?

कळफलक_काका
'हउ' शोधून सरसकट 'ग्रॅम' केलं तरी चालेल, पण 'उस' ला तसं करू नका, नाहीतर 'उसळ' ची 'मिलिलिटरळ' होईल. खरा मार्ग म्हणजे मूळ फाईलमध्ये कंट्रोल-एच, 'मोअर', 'फॉरमॅट', 'फॉन्ट', तिथे तो इंग्रजी फॉन्ट निवडून आधी जी-एम, एम-एल बदलायचे. त्यांच्या जागी कृतिदेवातच 'ग्रॅम' टाइप करा, मग रूपांतर.

'पुऱ्या', 'कैऱ्या' हे शब्द डोळ्यांत तेल घालून बघा. अर्ध्या ऱ ची चंद्रकोर बऱ्याच कन्व्हर्टरना झेपत नाही, 'पुर्या' करून ठेवतात. ऱ्हस्व वेलांटीही तपासा. कृतिदेवात ती अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडात नंतर साठवतात, त्यामुळे जोडाक्षर आलं की घोळ होतो. 'मिश्रण' सगळीकडे असणारच तुमच्याकडे.

वैतागवाडी
'मिश्रण' 93 वेळा आहे. सगळी पानं वाचून तपासायची म्हणजे गुरुवार गेलाच. प्रेसवाल्यांना फाईल द्यायची आहे, आईच्या पंच्याहत्तरीला पुस्तिका वाटायची आहे.

कळफलक_काका
थांबा. प्रेसला द्यायची आहे? छापायलाच?

वैतागवाडी
हो. आणि भावाला अमेरिकेत फोनवर बघायची आहे.

कळफलक_काका
अहो ताई!! मग रूपांतराची गरजच नव्हती. पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं मी, नक्की काय हवंय म्हणून. ज्या लॅपटॉपवर मूळ फाईल आता नीट दिसते आहे तिथूनच 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ करा. फॉन्ट पीडीएफच्या आतच जाऊन बसतो, मग प्रेसमध्ये आणि अमेरिकेत सारखंच दिसतं. पाठवण्याआधी ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'प्रॉपर्टीज' मधल्या 'फॉन्ट्स' मध्ये कृतिदेवपुढे 'एम्बेडेड' लिहिलंय ना ते पाहा.

लिनक्सप्रेमी
लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफचं बटण वरच असतं.

टंकलेखिका
तरी युनिकोडची प्रत सावकाश पूर्ण कराच. पीडीएफ दिसेल सुंदर, पण त्यात 'वांगी' शोधलंत तर एकही सापडणार नाही, आत अजून ओ-के-ए-एक्स-एच च आहे.

वैतागवाडी
झालं!!! पीडीएफ प्रेसला गेली, 'एम्बेडेड सबसेट' असं लिहून आलं. भावानं फोनवर उघडून पहिलं पान वाचून दाखवलं. सगळ्यांचे आभार, चुकून कुणावर ओरडले असेन तर सॉरी. युनिकोडची प्रत पंच्याहत्तरीनंतर बघते.
@सुगरण तीळ पण आणि खोबरं पण. 50 हउ प्रत्येकी.

फुकटसल्ला
स्टोरेज रिकामं केल्यावर चालू झालं ना? मी म्हटलंच होतं.

नवखा_पुणेकर
याच धाग्यावर विचारतो, माझा प्रिंटर मराठी छापताना शिरोरेषा अर्धी सोडतो. काय करू?

कळफलक_काका
कोणता प्रिंटर? शाईचा की लेझर? फाईल कशात आहे? नवीन धागा काढा.