मदत हवी आहे: फिनलंडचं वनक्षेत्र ६६ टक्के की ७४?

वनक्षेत्र २.२४ कोटी हेक्टर, देश ३.३८ कोटी हेक्टर. भागाकार ६६ टक्के येतो, पण एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) तक्त्यात ७४ च्या आसपास आहे. पडताळणीसाठी उपग्रहाच्या वृक्षाच्छादन थरातले (कुठे किती झाडं आहेत ते दाखवणाऱ्या नकाशातले) पिक्सेल मोजले, तर जंगल देशापेक्षा मोठं! पिक्सेल ३० मीटरचा, म्हणून ९०० चौ.मी.ने गुणलं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
पहिला घोळ छेदाचा. ३.३८ कोटी हे एकूण क्षेत्रफळ, त्यात तळी आली, आणि फिनलंडमध्ये ती थोडीथोडकी नाहीत. पाणी वगळून जमीन उरते सुमारे ३.०४ कोटी. २.२४ भागिले ३.०४ म्हणजे ७३.७ टक्के. एफएओ याच जमिनीने भागते.

प्रतिसाद २
९०० ने गुणलंत तिथेच फसलात. तो थर अक्षांश-रेखांशात असतो, पिक्सेल ०.०००२५ अंशाचा. विषुववृत्तावर तो जेमतेम २८ बाय २८ मीटर भरतो. ६५ अंश उत्तरेला त्याची उत्तर-दक्षिण लांबी तीच, पण पूर्व-पश्चिम रुंदी ११.८ मीटर. म्हणजे साधारण ३३० चौ.मी., आणि तुम्ही धरलंत त्याच्या जवळजवळ तिप्पट, ९००! थर समक्षेत्र प्रक्षेपणात (प्रत्येक पिक्सेलचं क्षेत्रफळ सारखं ठेवणाऱ्या नकाशात) घ्या किंवा प्रत्येक ओळीला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. नुसती पिक्सेलची टक्केवारी काढूनही सुटका नाही, उत्तरेकडच्या विरळ भागाला फाजील वजन मिळतं.

धागाकर्ता
कोसाइन लावला, आकडा ताळ्यावर आला. तरी ७३.७ शी जुळत नाही.

प्रतिसाद २
जुळणारही नाही. उपग्रह झाडं बघतो, एफएओ जमिनीचा वापर. त्यांची व्याख्या: अर्ध्या हेक्टरहून मोठा तुकडा, ५ मीटरहून उंच झाडं, छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला भाग) १० टक्क्यांहून जास्त, किंवा तिथेच तेवढी होऊ शकणारी झाडं. त्यामुळे तोड होऊन पुन्हा झाडं वाढायची वाट बघणारा पट्टा त्यांच्या लेखी जंगलच, उपग्रहाला मात्र बोडका. तुमच्या थराची छत्रमर्यादा, म्हणजे किती टक्के छत्राला जंगल धरायचं ते, बघा; बहुतेक ठिकाणी ती आपोआप ३० टक्के असते, १० करा. आणि २००० सालच्या थरातून दरवर्षीची तोड वजा करत आला असाल, तर थांबा. नवी वाढ त्या थरात दरवर्षी जमा होत नाही, त्यामुळे तोडून पुन्हा वाढवणाऱ्या देशाचं जंगल कागदावर आटतच जातं.

प्रतिसाद १
हीच कृती मलेशियाला लावाल तर उलटं होईल. तेलताडाची लागवड उपग्रहाला झाडंच दिसते, एफएओ ती वगळते. रबर मात्र जंगलात धरते. तिथे लागवडीचा वेगळा थर घेऊन तेलताड आधी कापून काढा, मगच भागाकार करा.