मामंजी जाऊन दोन महिने व्हायचे आहेत. दिराची अवस्था शोक म्हणून लिहू की डिप्रेशन? (अपसामान्य मानसशास्त्र, केस स्टडी)

वऱ्हाडी_सून
नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बी.ए.ला नाव घातलं, विषय मानसशास्त्र, तास सगळे ऑनलाइन. आमच्याकडे रेंज फक्त स्लॅबवर पाण्याच्या टाकीपाशी येते, म्हणून रात्रीचा तास तिथंच बसून करते. या सत्रात अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर आहे आणि एक केस स्टडी द्यायची आहे.

मी दिरावर लिहायला घेतली. नागपंचमीच्या दोन दिवस आधी मामंजी गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि त्यानंतर भाऊजी बसूनच गेले. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात. अर्धी भाकर ताटात तशीच राहते. पोळ्याच्या आदल्या दिवशी शिंगांना बेगड लावायचं काम ते कधी कोणाला करू देत नसत. यंदा त्यांनी बैलही धुतले नाहीत, शेवटी ह्यांनीच बेगड लावली आणि तीही वाकडी. भाऊजी बघत होते पण काही बोलले नाहीत. शेतात फक्त फवारणीपुरते गेले, आठ दिवस पाठीवर पंप घेऊन. एरवी बोलतात ते एकच, "दवाखान्यात न्यायला म्याच उशीर केला."

माझी अडचण अशी. ग्रुपवर आलेल्या नोट्समध्ये लिहिलंय की जवळचं माणूस गेल्यापासून दोन महिन्यांच्या आत डिप्रेशनचं निदान करायचं नाही, तो शोक समजायचा. तासाला सर म्हणाले, तसं काही नाही. आज सात आठवडे झाले आहेत. मी कोणतं धरू?

आणि एक सांगायलाच हवं. मी वहीत लक्षणं मोजून ठेवली होती. वही फडताळावर उघडी राहिली. पुतण्या तिसरीत आहे, दिसेल ते मोठ्यानं वाचतो. त्यानं सगळ्यांसमोर वाचलं, "बाबा, नऊपैकी सहा, डिप्रेशन." भाऊजी ताटावरून उठून गेले. चार दिवस झाले, माझ्या हातचा चहा घेत नाहीत. मला रात्री झोप येत नाही.

मानसशास्त्र_अमरावती
ताई, आधी नोट्सचं सांगतो. त्या जुन्या आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेचं मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक म्हणजे डीएसएम, त्याची चौथी आवृत्ती 1994 ची, तिच्यात ती दोन महिन्यांची सूट होती. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ती काढून टाकली, कारण बाप गेलेल्या माणसालाही खरंच डिप्रेशन होऊ शकतं आणि त्या सवलतीच्या नावाखाली त्याचे उपचार राहून जात होते. तुमचे सर बरोबर आहेत. 2022 च्या सुधारित आवृत्तीत दीर्घकाळ चालणाऱ्या शोकाचा वेगळा विकारही आला, पण मोठ्या माणसाच्या बाबतीत मृत्यूनंतर किमान वर्षभर गेल्याशिवाय तो लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आहे, आयसीडी-11, तिच्यात तीच मुदत सहा महिन्यांची आहे. परीक्षेत आवृत्ती लिहूनच उत्तर द्या.

आता मोजणीचं. डिप्रेशनच्या नऊपैकी पाच लक्षणं, तीही त्याच दोन आठवड्यांत, आणि उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवंच. पण ही यादी कोणालाही बोटांवर मोजण्यासाठी नाही. उशीर केल्याची टोचणी तुम्ही टिपली, ती नीट बघा. शोकात माणूस बहुतेक गेलेल्या व्यक्तीबद्दलच स्वतःला दोष देतो, दुःख लाटेसारखं येतं, मधेच एखादी आठवण निघाली की हसूही येतं. डिप्रेशनमध्ये मी एकूणच नालायक, असं वाटत राहतं आणि ते सुटत नाही. भाऊजींचं यातलं कोणतं आहे, हे तुम्ही लिहिलेल्या ओळींतून कळत नाही आणि मला कळलं असं मी म्हणणारही नाही. निदान करायचा अधिकार ना तुम्हाला आहे ना मला.

केस स्टडीसाठी घरातलं माणूस निवडू नका. परवानगी घेतली तरी घरात "नाही" म्हणणं अवघड असतं.

आशा_वर्धा
ताई, मी आशा सेविका आहे, गावात आरोग्याचं काम करते. तुमचं वाचताना माझी नजर त्या एका वाक्यावर अडकली, आठ दिवस पाठीवर पंप. कपाशीवर मारायच्या औषधांत प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं असतात. ती अंगात गेली की नसांचं काम नीट चालू ठेवणारं कोलिनेस्टेरेज नावाचं एन्झाइम बिघडतं. घाम, लाळ, डोळ्यांपुढं धूसर, हे लगेच दिसतं. पण झोप उडणं, चिडचिड, मन उदास, विसरायला होणं, हेही राहू शकतं. 2017 मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली ते तुम्हाला मी काय सांगणार. निदान लिहिण्याआधी औषध-नशा-दुसरा आजार यामुळं तर नाही ना, ही अट पुस्तकातही असतेच. डॉक्टरला फवारणीचं आधी सांगा, कोणतं औषध होतं ते डब्यावरून वाचून सांगा. कोलिनेस्टेरेजची रक्ततपासणी होते.

दुसरं. आमच्याकडे कोणी "मी उदास आहे" म्हणत नाही. "डोस्कं जड झालं", "कशातच मन लागून नाही राह्यलं" असं म्हणते. बायका छातीत धडधड सांगतात. तुमच्या वहीत "रस कमी होणे" असं लिहिलं असेल, पण ओट्यावर बसून तुम्ही हे शब्द वापरलेत तर बोलतील.

आणि मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात विचार पडत नाही, माणसाला सुटल्यासारखं होतं. फवारणीची औषधं पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली तुमच्या ह्यांच्याकडे. हे आजच करा. टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा 14416 चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

वऱ्हाडी_सून
तुम्हा दोघांचे खूप आभार. पेटीला कुलूप लावलं, किल्ली ह्यांच्याकडे आहे. फवारणीचं मला सुचलंच नव्हतं. इतकं शिकूनही मी फक्त मन बघत होते.

काल संध्याकाळी भाऊजींकडे गेले. वहीतलं ते पान त्यांच्यासमोर फाडलं आणि म्हटलं, "भाऊजी, मी चुकले. तुम्हाला न विचारता लिहायला नको होतं." ते बराच वेळ ओट्याची कड चोळत बसले. मग मी आशाताईंनी सांगितलं तसंच विचारलं, डोस्कं जड असते का, मन कशात लागते का. मरणाचंही विचारलं. म्हणाले, "मराचा विचार नाही येत, पोरगा हाये. पण बाप गेला तवापासून भाकर गिळतच नाही." आणि फवारणी झाल्यावर दोन दिवस डोळ्यांपुढं अंधारी येत होती, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. डबा मी पाहिला, प्रोफेनोफॉसच होतं.

सकाळी ह्यांनी त्यांना सोबत घेऊन यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मेडिसिनच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि मानसोपचार विभागात मंगळवारी यायला सांगितलं आहे. तिथं मीही जाणार, पण बाहेर बाकावर बसेन, वही नेणार नाही.

केस स्टडी सादर करायला नऊ दिवस उरले आहेत. पुस्तकातली छापलेली केस घेतली तर चालेल का, असं सरांना मेल करून विचारलं आहे. इथं कोणी तशी दिलेली असेल तर सांगा, मी आज रात्री पुन्हा टाकीपाशी असेन.