ताज्या बाकल्याचं सॅलड कसं करू? दोन किलो शेंगा घरात आल्यात (सातारा)

यवतेश्वर_वाट
नमस्कार मंडळी. लेक दिल्लीला असते, ती काल पाडव्यासाठी घरी आली आणि येताना पिशवीभर बाकल्याच्या शेंगा घेऊन आली, चांगल्या दोन किलो भरतील. तिकडं या दिवसांत मंडईत ढिगानं असतात म्हणाली. मी साताऱ्यात एवढी वर्षं भाजी निवडतेय पण ही शेंग हातात पहिल्यांदाच घेतली, बोटाएवढी जाड, सोलली की आत कापसासारखी मऊ गादी आणि त्यात चपटे मोठाले दाणे, पावट्याचा थोरला भाऊच म्हणा ना. मी लगेच उसळीच्या तयारीला लागले तर लेक म्हणाली आई मसाला घालू नकोस, ग्रीस इटलीकडं करतात तसं साधं सॅलड कर, ऑलिव्ह तेल लिंबू पुदिना बास. तिनं मैत्रिणीकडं खाल्लंय, पण करतात कसं ते तिला माहीत नाही.

तर मला विचारायचंय की दाणे कच्चे घ्यायचे का उकडून, साल ठेवायची का काढायची, तेल कुठलं घ्यावं (दुकानात तीन प्रकारच्या बाटल्या बघून तशीच परत आले), आणि ते पांढरं चीज घालतात ते इथं नाही मिळालं तर काय. शिवाय लेक परत गेल्यावर बाकला कुठला मिळायला, तेव्हा आपल्या मंडईतलं काय चालेल तेही सांगा. पाडव्याला घरात १० माणसं आहेत, तीन दिवस हातात आहेत.

पाचगणी_वळण
ताई, मी १२ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत त्यामुळं हे दाणे पोत्यानं सोललेत. पहिली गोष्ट म्हणजे यात दोनदा सोलणं आहे. शेंग सोलायची ती झाली एक, आणि मग प्रत्येक दाण्यावर एक जाड फिकट साल असते ती पण काढायची. अगदी नखाएवढे कोवळे दाणे असतील तर सालीसकट चालतात, इटलीत रोमकडं तर १ मेला कोवळा बाकला कच्चाच, पेकोरिनो म्हणून मेंढीच्या दुधाचं खारट चीज असतं त्याच्याबरोबर खायची रीत आहे. पण दिल्लीहून प्रवास करून आलेल्या शेंगा म्हणजे दाणा जून व्हायला लागला असणार, साल ठेवली तर तोंडात चिवट आणि कडसर लागेल.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळू द्या, मीठ घाला, दाणे टाका आणि दोन मिनिटांत काढा, फार मोठे असले तर तीन साडेतीन, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. बर्फाचं पाणी अजिबात टाळू नका, नाहीतर दाणा आतल्या गरमीनं शिजत राहतो आणि त्याचा तो पोपटी रंग जातो. कुकर तर नकोच. मग डाळिंब्या सोलतो ना आपण तसंच, नाकाशी नखानं चिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं दाबलं की आतला हिरवागार दाणा टुणकन बाहेर येतो. चौघं बसलात तर अर्ध्या तासाचं काम.

मात्र हिशोब आत्ताच करून ठेवा. एक किलो शेंगांतून पाव किलो ते तीनशे ग्रॅम दाणा निघतो, आणि दुसरी साल काढली की त्याहून कमी. दोन किलोत १० माणसांना पोटभर होणार नाही, दुसरं काहीतरी जोडीला लागेल.

आणि लिंबू शेवटी. वाढायच्या पाच मिनिटं आधी. आंबट लागलं की हिरवा रंग मेहंदीसारखा काळपट होतो, सकाळी कालवून ठेवलं तर दुपारी ताटात बघवणार नाही. रंग टिकावा म्हणून काहीजण उकळत्या पाण्यात सोडा टाकतात, तो टाकू नका, दाणा गिळगिळीत होतो.

मिरज_जंक्शन
रेसिपीच्या मध्ये येतेय पण हे आधी वाचा. १० माणसांत कुणाला, खास करून लहान मुलांत किंवा पुरुषमाणसांत, जी सिक्स पी डी ची कमतरता आहे का ते विचारून घ्या. रक्तातल्या तांबड्या पेशींना लागणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आनुवंशिक आहे, मुलग्यांत जास्त दिसतं, आणि अशा माणसानं बाकला खाल्ला तर एकदोन दिवसांत तांबड्या पेशी फुटायला लागतात, डोळे पिवळे, लघवी गडद, गळून जाणं. उकडला, सोलला तरी धोका जात नाही. माझ्या पुतण्याला जन्मल्यावरच्या तपासणीत हे निघालं, तेव्हा डॉक्टरांनी काही औषधांची यादी दिली आणि त्याच कागदावर बाकला लिहिलेला होता. आम्ही तोवर बाकला बघितलाही नव्हता. ज्यांना हे नाही त्यांनी बिनधास्त खावं, हजारो वर्षं भूमध्य समुद्राकाठची माणसं खातायतच.

यवतेश्वर_वाट
बाई गं, बरं झालं सांगितलंस. जावेच्या नातवाचं विचारते आजच. त्याला असलं तर त्याच्यापुरतं वेगळं करीन, पण भांडी चमचे पण वेगळे ठेवीन.

पाचगणी_वळण दादा, डाळिंब्यांचं म्हणालात आणि डोक्यात लख्ख पडलं, आता हात आपोआप चालतील. तेलाचं राहिलं मात्र.

तासगाव_बागाईत
ताई तेलाचं मी सांगतो, मी दोनचार बाटल्या आणून पैसं घालवल्यात म्हणून. बाटलीवर पोमेस लिहिलंय ते घेऊ नका, ते फळातनं तेल काढून झाल्यावर उरल्याल्या चोथ्यातनं काढून रिफाइन केल्यालं असतंय, तळायला ठीकाय पण सॅलडला त्याला वासच नाही. नुसतं लाइट लिहिलंय ते पण तसंच. एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या, काळपट काचेची बाटली, लहानातली लहान, आणि गॅसजवळ ठेवू नका. एवढ्या सॅलडला अर्धा कप लागंल.

आणि पुदिना घालाच पण माझं ऐकाल तर शेपू घाला. हसू नका, खरं सांगतोय. ग्रीसमधी आणि तुर्कस्तानात बाकला म्हटला की शेपू आलाच, तुर्की लोक तर ऑलिव्ह तेलात कोवळ्या शेंगा अख्ख्या शिजवून वरनं शेपू आणि दही घालून गार खात्यात. आपल्याकडं शेपूची जुडी कुणीबी देतंय आणि निम्मी पोरं नाक मुरडत्यात, तीच पोरं हे खातील. फक्त आपला शेपू जरा उग्र असतोय त्यामुळं कोवळी पानं तेवढी खुडून घ्या, देठ नको, मूठभर बास.

पेठेतली_काकू
शेपूला माझं अनुमोदन. चीजसाठी मात्र दुकानं धुंडाळत बसू नकोस गं. पाडव्याला श्रीखंडाचा चक्का बांधणारच असशील ना, त्यातला दोन वाट्या चक्का साखर घालायच्या आधी बाजूला काढ, त्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून फेस. लेबनॉन सीरियाकडं याला लबनेह म्हणतात, म्हणजे खारा चक्काच तो. माझी सून आखातात चार वर्षं होती, ती आल्यापासून आमच्याकडं उन्हाळ्यात आठवड्याला होतो. मोठ्या ताटात तो खाली पसरायचा, मध्ये खळगा करायचा, आणि त्यावर दाणे ओतायचे, दाण्यांचं तेल लिंबू त्यात उतरतं आणि शेवटचा घास सगळ्यात चांगला लागतो.

फेटा म्हणजे ते ग्रीसचं पांढरं चीज, तसं तुकड्यातुकड्यांचंच हवं असेल तर पनीरचे तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव, कपभर पाण्याला दोन चमचे मीठ आणि थोडं लिंबू. फेटा असतो मेंढीच्या दुधाचा, तो वास यात येणार नाही, पण खारटपणा येतो आणि या दाण्याला खारटपणाच लागतो कारण दाणा गोडसर आहे.

लिंबाचं एक. परदेशी रेसिपीत एक लिंबू लिहिलेलं असतं ते तिकडचं मोठं पिवळं लिंबू, आपलं कागदी लिंबू त्याच्यापेक्षा जहाल. तीन चमचे तेलाला एक चमचा रस इथनं सुरू कर आणि चाखत जा.

कोरेगावकर
आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या जिल्ह्याचा घेवडा आहे, अंगावर तांबड्या रेघा म्हणून वाघ्या. इटलीत बोर्लोत्ती नावाचं कडधान्य सॅलडला घालतात ते पण असंच रेघारेघांचं, आणि दोन्ही एकाच जातीतले, राजमा आणि फरसबी पण त्यातलेच. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातनं आलेली, त्याच्या आधीपासून युरोपात बाकला होता. त्यामुळं लेक परत गेली तरी सॅलड थांबायचं कारण नाही. वाघ्या रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात चांगला शिजवा आणि गरम असतानाच तेल, बारीक कापलेला कांदा, ठेचलेला लसूण घाला, गरम दाणा चव ओढून घेतो. रेघा शिजल्यावर राहत नाहीत हे आधीच सांगतो, चव राहते.

आणि एक काळजीनं सांगतो. सॅलड म्हटलं की लोक कच्चं घालायला बघतात. घेवडा, राजमा, पावटा, वाल, डबल बी यातलं काहीही कच्चं किंवा अर्धकच्चं घालू नका. घेवड्यात राजम्यात लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन असतं, ते किमान १० मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, नाहीतर उलट्या जुलाब ठरलेले. डबल बी उघड्या पातेल्यात शिजवा आणि पाणी ओतून द्या.

यवतेश्वर_वाट
कोरेगावकर, वाघ्या डब्यात आहेच की, आमटीपलीकडं सुचलंच नाही कधी. पण सणाच्या दिवशी हिरवंच करावं म्हणते, १० माणसांना पुरवायला त्यात आत्ता मंडईत आहे त्यातलं काय घालू?

पाचगणी_वळण
फरसबी. आमच्या वरच्या भागातली कोवळी बघून घ्या, मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे आणि दोरा निघता कामा नये. त्याच उकळत्या पाण्यात चार पाच मिनिटं, मग बर्फ. सोलाणा मिळाला तर सोन्याहून पिवळं, ओला हरभरा मिनिटभर पाण्यातनं काढला तरी बास, मटार पण चालेल पण या दिवसांतला मटार पिठूळ लागतो, चाखून घ्या. सगळं एकत्र उकळू नका, प्रत्येकाचा वेळ वेगळा.

तासगाव_बागाईत
शेंगदाण्याचं घाण्याचं तेल पण निम्मं घालून बगा, आमच्यात तसंच करतो.

पेठेतली_काकू
नको रे, चटणीवर ते तेल मलाही लागतं, पण इथं त्याच्या वासापुढं कोवळा दाणा दबतो. ऑलिव्ह नसेलच तर करडईचं घालावं, ते गप्प बसतं.

यवतेश्वर_वाट
झालं बरं का. सगळ्यांचं ऐकलं, तेलाचं तेवढं काकूंचं ऐकलं. नातवाच्या आईनं डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्याची तपासणी झाली होती आणि सगळं ठीक होतं, तेव्हाच दाणे उकळत टाकले. आदल्या रात्री मी, लेक आणि जाऊ तिघी सोलायला बसलो, दोन किलो शेंगांचा सोललेला दाणा जेमतेम चार वाट्या निघाला. त्यात पाऊण किलो फरसबी आणि दोन वाट्या सोलाणा. ताटात खारा चक्का, वर हे सगळं, वरनं शेपू पुदिना आणि मिरी, लिंबू पानं मांडल्यावरच पिळलं. आदल्या दिवशीच्या दोन ज्वारीच्या भाकरी तव्यावर कडक करून चुरून टाकल्या, तेही तिकडं शिळ्या रोटीचं करतात म्हणून लेकीनं सुचवलं.

यांनी पहिल्यांदा ताट पुढं सरकवलं, म्हणाले शेपू आहे यात. मग लेकीनं एक घास भाकरीच्या तुकड्यावर घालून दिला तर स्वतःच दोनदा वाढून घेतलं. श्रीखंड त्या नादात कमी संपलं, दुसऱ्या दिवशी पुरलं. माझ्याकडनं एकच चूक झाली, चक्क्यात मीठ घातलं होतं आणि उकळत्या पाण्यातही, वर सवयीनं परत भुरभुरलं, मग जरा खारट झालं.

आता एक शंका. पाचसहा शेंगा मुद्दाम ठेवल्यात, गच्चीत कुंड्या आहेत, हे दाणे लावले तर येईल का?

कोरेगावकर
हिरवे काढलेले दाणे उगवायचे नाहीत ताई, शेंग झाडावरच काळी पडून आतलं बी पूर्ण वाळलेलं लागतं. त्या पाचसहा पण सोलून खाऊन टाका. लेकीला सांगा पुढच्या खेपेला वाळलेलं बी आण, आणि दिवाळीच्या सुमारास लावा, थंडीचं पीक आहे, ऊन तापलं की फुलं गळतात. खोल कुंडी घ्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढं खाली पुरा.

यवतेश्वर_वाट
लगेच मेसेज केला तिला.