संशोधनपद्धतीचा वेगळा पेपर खरंच हवा का?

मूळ धागा – टिपणवही
पहिल्या सत्रात गृहीतकांचे प्रकार, नमुना निवडीचे प्रकार, सगळं पाठ करून लिहिलं. वर्षभराने प्रबंधाला हात घातला तेव्हा त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. माझं स्पष्ट मत, हा पेपर बंद करा. पहिल्याच आठवड्यात एक छोटा प्रश्न आणि खरी विदा (डेटा) हातात द्या. पद्धत करता करता शिकवा.

आकडेमोड
अजिबात पटलं नाही. काही चुका नंतर दुरुस्तच होत नाहीत. तुलनेसाठी नियंत्रित गट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा नाही असा गट, ठेवायचा राहिला, तर मोजमाप संपल्यावर तो आणणार कुठून? प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे शवविच्छेदन करून घेणं, असं संख्याशास्त्रज्ञ फिशर १९३८ मध्येच म्हणाले होते. आणि कुठेच खरा फरक नसताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तरी ०.०५ च्या पातळीवर (म्हणजे प्रत्येक चाचणीत निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची ५ टक्के शक्यता चालवून घेतली तर) एखादी तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. हे आधी माहीत नसेल तर विद्यार्थी त्या एका चाचणीवर अख्खा प्रबंध उभा करतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत लक्षणीय निकाल आला.

टिपणवही
ते मूळ अभ्यास नवशिक्यांचे नव्हते. पद्धती शिकलेल्यांचेच होते ना?

कच्चा मसुदा
लेखनाबद्दल कुणीच बोलत नाही. सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले. प्रसूती विभागातला मृत्युदर एप्रिलमध्ये १८ टक्के होता, तो काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आला. पण त्यांचं सविस्तर पुस्तक आलं १८६१ मध्ये! तोवर लोकांनी इतरांनी लिहिलेल्या अपुऱ्या वर्णनांवरून मत बनवलं होतं.

मी विद्यार्थ्यांकडून पद्धतीचा भाग प्रयोगाआधीच लिहून घेते, भविष्यकाळात. एकीने लिहिलं, ‘नमुने यादृच्छिक निवडले जातील.’ मी विचारलं, म्हणजे कसे? चिठ्ठ्या टाकून, की समोर येतील ते? ती गप्प झाली, आणि दोन दिवसांनी पूर्ण आराखडा बदलून आली. प्रयोग झाल्यावर क्रियापदांचा काळ बदलायचा आणि ठरल्यापेक्षा वेगळं काय केलं ते उघड लिहायचं.

आकडेमोड
हे मान्य, पण असं विचारणारा मार्गदर्शक प्रत्येकाला मिळत नाही. ज्याला मिळाला नाही त्याला त्या पेपरातून निदान कुठे चुकू शकतं एवढं तरी कळतं. तो आधार काढून घेऊ नका.

टिपणवही
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग पेपर राहू दे, प्रश्न बदला. व्याख्या विचारू नका. एक छापील शोधनिबंध द्या, निष्कर्षाचा भाग झाकून. या पद्धतीतून काय म्हणता येईल आणि काय नाही, ते विद्यार्थ्याने लिहायचं.

आकडेमोड
याला माझी हरकत नाही. फक्त तीन तास पुरणार नाहीत, आठवडा द्यावा लागेल.