सेर्रो गोर्दोची चांदी तिथेच का गाळली नाही?

वर कुणीतरी विचारलंय, की कॅलिफोर्नियातल्या इन्यो परगण्यात, सेर्रो गोर्दो या खाणींच्या गावी चांदी जागेवरच शिशातून वेगळी का काढत नव्हते. अडचण मुख्यतः इंधनाची. खनिज गॅलेना, म्हणजे शिशाचंच खनिज; भट्टीत शिसं वितळून तळाला बसे, चांदी त्यातच विरघळलेली. ती सोडवायची तर पुन्हा जाळण, आणि शिसंही विकाऊच होतं. म्हणून ३८-३९ किलोच्या मिश्र लगडी खेचरांच्या गाड्यांतून लॉस एंजेलिसला, पुढे जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला जात. जवळची पिन्यॉन पाइनची झाडं लोणारी कोळशात संपली, तेव्हा ओवेन्स तळ्यापलीकडच्या कॉटनवुड दरीतून कोळसा आणावा लागला. १८७२ पासून 'बेसी ब्रेडी' ही वाफेची बोट तळ्यावरून लगडी नेऊ लागली, वळसा वाचला. पण पुढे गाड्याच पुरेनात, आणि लगडींचे ढीग काठावर पडून राहिले!